घरगुती ऑडिओ सीडी रेकॉर्डर आणि घरच्या कॅसेट: सोलापुरात अजून कोणी वापरतंय का?

हातमाग

नमस्कार मंडळी,

साखर पेठेतल्या आमच्या घरी वडिलांच्या भजनी मंडळाच्या कॅसेटचं एक कपाट आहे. काकडा, एकादशीची भजनं, गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) वेळी संमती कट्ट्याजवळ उभं राहून टेप केलेला अक्षता सोहळा, आकाशवाणी सोलापूरवरून उतरवून घेतलेले काही कार्यक्रम. मंडळातले बरेच जण आता हयात नाहीत आणि त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेही नाही. म्हणून मी एक वापरलेला होम ऑडिओ सीडी रेकॉर्डर घेतला. मराठीत या यंत्राबद्दल फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो, हा कॉम्प्युटरमधला राइटर नव्हे. टेपडेकएवढा स्वतंत्र डबा असतो. मागे आरसीएचे (लाल-पांढऱ्या तारांचे) इन-आउट, बहुतेकांना ऑप्टिकल किंवा कोॲक्शियल डिजिटल इनपुट, पुढे रेकॉर्डिंग लेव्हलचं बटण आणि मीटर. टेपडेकची तार त्यात घालायची, कोरी सीडी ठेवायची, रेकॉर्ड दाबायचं. आत येणारा आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजला जातो, प्रत्येक मोजमाप १६ बिटांचं, आणि लेझर ते डिस्कवर लिहीत जातो. कॅसेट साठ मिनिटांची असेल तर काम साठ मिनिटांचंच. घाई करता येत नाही.

मला ही गोष्ट अडचण वाटत नाही. कॅसेट पूर्ण ऐकली जाते. कुठल्या बाजूला काय आहे, कुठे कोण गातंय, हे वडील शेजारी बसून सांगतात आणि मी वहीत लिहितो. वडिलांनी माउस कधी हातात धरला नाही, पण रेकॉर्ड आणि पॉज ही बटणं त्यांना आयुष्यभराची ओळखीची. आता अर्ध्याहून जास्त कॅसेट ते एकटे करतात.

शेवटी 'फायनलाइज' करावं लागतं, म्हणजे डिस्कच्या सुरुवातीला गाण्यांची अनुक्रमणिका कायमची लिहायची. दोन-चार मिनिटं लागतात. ते केल्याशिवाय ती सीडी साध्या प्लेअरवर वाजत नाही, फक्त रेकॉर्डरवर वाजते. आणि सीडी-आर एकदा फायनलाइज झाली की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही.

विचारायचं आहे ते डिस्कबद्दल. माझं यंत्र फक्त 'म्युझिक' सीडी-आर घेतं. कॉम्प्युटरची साधी कोरी सीडी टाकली की नाकारतं. नवी पेठेत दुकानं फिरलो, म्युझिकवाली कुणाकडेच नाही. तुम्ही कशी सोय करता?

---

सोल्डरगन

मालक, धागा चांगला काढलाव.

साध्या डिस्कमधी खराबी काही नसती. हरेक कोऱ्या डिस्कवर कारखान्यातनंच एक ओळख छापलेली असती, ही डेटाची का ऑडिओची. घरगुती डेक (म्हणजे हा सीडी रेकॉर्डर) ती ओळख वाचतंय आणि डेटाची दिसली की लिहायला तयार होत नाही. अमेरिकेत १९९२ ला होम रेकॉर्डिंगचा कायदा आला, त्यात डिजिटल रेकॉर्डर आणि कोऱ्या माध्यमावर संगीतवाल्यांसाठी रॉयल्टी बसवली. म्युझिक डिस्कच्या किमतीत ती धरलेली असायची. म्हणून त्या महाग. प्लास्टिक, रंग, चकाकी सगळं तेच.

स्टुडिओवाले डेक वेगळे. टास्कॅमचे वगैरे प्रोफेशनल रेकॉर्डर कुठलीबी सीडी-आर घेतात. ज्यानं अजून घेतला नसेल त्यानं मागं बॅलन्स्ड एक्सएलआर सॉकेट (तीन पिनांचं, स्टुडिओतलं) असलेलं काही मिळतंय का बघावं, बहुतेक त्याला ही अट नसती.

काही लोक ऑडिओ डिस्क वाचून झाली की ट्रे हातानं ओढून डेटाची डिस्क सरकवतात. माझ्याकडं असे डेक ट्रेचे दाते मोडून आलेले आहेत. करू नका.

---

शेंगाचटणी

हातमाग, आमच्याकडेही हेच चालू आहे. सासऱ्यांनी दुबईहून आणलेला डेक आहे. कपाटात होता, सोल्डरगनदादांसारख्याच एका कारागिराने लेन्स साफ करून सुरू करून दिला.

आमच्याकडे आजेसासूबाईंच्या जात्यावरच्या ओव्या आहेत, काही मराठी, काही कानडी. एकच बाई, एकाच बसण्यात दोन्ही भाषा. अक्कलकोटकडच्या घरांत ते नवल नव्हतं.

डिस्कसाठी आम्ही केलेला उपाय सांगते. म्युझिक सीडी-आर शोधत बसू नका, म्युझिक सीडी-आरडब्ल्यू एक-दोन मिळवा. ती पुसता येते. कॅसेट आरडब्ल्यूवर भरायची, फायनलाइज करायची, कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये घालून तिच्यावरचा आवाज वेव्ह फाइलमध्ये (न दाबलेल्या ऑडिओ फाइलमध्ये) काढून घ्यायचा. मग तीच डिस्क डेकमध्ये पुसून पुढच्या कॅसेटला वापरायची. आरडब्ल्यू साधारण हजार वेळा लिहिता येते असं म्हणतात, म्हणजे घरच्या कॅसेटांना एक पुष्कळ झाली. कायमची प्रत हवी तर कॉम्प्युटरवरून साध्या सीडी-आरवर काढा, तिथे म्युझिकची अट नाही.

म्हणजे रेकॉर्ड करायचं काम सासरे डेकवर करतात, पुढचं मी रात्री मुलं झोपल्यावर करते. दोघांचं छान जमतं.

---

पुणेकर_मूळचा_सोलापूरचा

सगळ्यांना नमस्कार. मी जरा उलट बाजू मांडतो, राग मानू नये.

शेवटी कॉम्प्युटरवरच न्यायचं असेल तर मध्ये सीडी कशाला? टेपडेकचा आवाज कॉम्प्युटरला देणारा साधा यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्या, ऑडॅसिटी हा रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम फुकट आहे, टेपडेक थेट जोडा. २४ बिटांत रेकॉर्ड करता येतं. १६ बिटांत लेव्हल कमी ठेवली तर तेवढे बिट वाया जातात, २४ मध्ये मोकळेपणाने कमी ठेवा, काही बिघडत नाही. आयएएसए ही ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना तर किमान ४८ किलोहर्ट्‌झ (सेकंदाला ४८,००० मोजमापं), २४ बिट सांगते, आणि शक्यतो ९६ किलोहर्ट्‌झ. सीडीवर ४४.१ आणि १६ च्या पलीकडे जाताच येत नाही.

ज्या गोष्टीची दुसरी प्रत जगात नाही ती उत्तम दर्जाने एकदाच उतरवावी असं मला मनापासून वाटतं. फीत दरवेळी वाजवताना झिजते.

---

हातमाग

शेंगाचटणी ताई, आरडब्ल्यूची युक्ती फार कामाची. धन्यवाद.

पुणेकर, तुमचं तत्त्व मान्य. पण घरगुती कॅसेटच्या फितीची खरखर इतकी असते की १६ बिटांची सीडी तिच्या खूप खाली जाते. आमच्या मंडळाची रेकॉर्डिंग एका माइकच्या साध्या टेपरेकॉर्डरवर, मोनो, देवळाच्या मंडपात झालेली. तिथे २४ बिटांनी नवीन काही ऐकू येणार नाही. फरक पडतो तो टेपडेकच्या हेडने, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाने. आणि दुसरं, माझ्याकडे कॉम्प्युटर लावून रोज संध्याकाळी बसणारं कुणी नाही, वडील आहेत. 'उत्तम दर्जा'ची वाट पाहत कपाट बंद राहिलं तर फिती तिथेच संपतील.

---

सोल्डरगन

दोघंबी बरोबर बोलायलाव, पण हातमाग मालकांनी मुद्द्याचं बोललं. टेपडेकचं हेड.

ऐका. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर पळती आणि हेडमधली फट केसापेक्षा बारीक असती. ती फट फितीला काटकोनात नसली तर वरचे सूर मरतात. टाळांचा खणखणाट जाऊन नुसता ठक्‌ठक्‌ आवाज राहतो. ह्याला ॲझिमथ म्हणतात. तुमची कॅसेट ज्या रेकॉर्डरवर भरली त्याचं हेड थोडं वाकडं असेल तर तुमचं नवं सरळ हेडसुद्धा तिच्यासाठी वाकडंच. हेडच्या बाजूला स्प्रिंग असलेला एक बारका स्क्रू असतो. आधी त्याची जागा मार्करनं खूण करून ठेवा. मग कॅसेट चालू ठेवून अगदी अलगद फिरवा, टाळ जिथं सगळ्यात लख्ख ऐकू येतील तिथं सोडा. मोनो कॅसेट असेल तर लई सोपं, डावा-उजवा एकत्र करून ऐका, हेड जुळलं नसेल तर आवाज बोदा येतो, जुळलं की उघडतो. काम झालं की स्क्रू खुणेवर परत.

हे जमलं नाही आणि २४ बिट नाही तर ३२ बिट करा, टाळ परत येणार नाहीत.

हेड, कॅपस्टन (फीत ओढणारा बारका दांडा) आणि त्याला फीत दाबून धरणारं रबराचं पिंच रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. दर दोन-तीन कॅसेटला. जुन्या फितीची पूड पडती, ती हेडवर बसली की पुढच्या कॅसेटचा आवाज मातीत.

आणि सी-९० ची (नव्वद मिनिटांची) फीत सी-६० पेक्षा पातळ, सी-१२० तर अगदीच कागद. आधी एकदा पुढं-मागं पूर्ण गुंडाळून घ्या, मगच रेकॉर्डिंगला लावा. घट्ट बसलेली गुंडाळी सैल होती.

---

टेपवाला_बार्शी

सोल्डरगन, ॲझिमथवर इतकं सोपं करून लिहिलेलं पहिल्यांदा वाचलं. वाचनखूण साठवली.

लेव्हलबद्दल मला थोडं सांगायचंय, कारण भजनाच्या रेकॉर्डिंगमध्ये ते फार महत्त्वाचं आहे. टेपडेकची सवय असलेला माणूस काटा शून्याच्या थोडा वर गेला तरी चालवून घ्यायचा. फीत जास्तीचा आवाज हळूहळू दाबते, कानाला ते गोडही लागतं. सीडीवर शून्य म्हणजे भिंत. त्याच्या वर आकडाच नाही, लाट वरून कापली जाते आणि करकर ऐकू येते.

टाळ हे यातलं खरं संकट. पखवाजाची थाप मीटरवर मोठी दिसते पण ती रुंद असते. टाळांचा ठोका क्षणभराचा आणि टोकदार असतो, जुन्या काट्याच्या मीटरला तो कळतही नाही. सीडी रेकॉर्डरचा पट्ट्यांचा मीटर पीक, म्हणजे आवाजाचं टोक, दाखवतो, त्याच्यावरच भरवसा ठेवा. गजर सुरू होतो, सगळे टाळ एकदम, लय द्रुत झालेली, तो भाग आधी शोधून वाजवा आणि तिथे मीटर उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील अशी लेव्हल लावा. सुरुवातीचं 'जय जय राम कृष्ण हरी' मग मीटरवर अगदी खाली दिसेल. दिसू दे. मध्येच लेव्हल वाढवू-कमी करू नका, नंतर ऐकताना मंडळी जवळ येतायत, लांब जातायत असं वाटतं.

मंडळाचा चढत जाणारा आवाज जसाच्या तसा राहिला पाहिजे. भजनाचा जीव त्यातच आहे.

---

शेंगाचटणी

+१. लेव्हलचं अगदी पटलं.

ट्रॅकबद्दल एक. 'ऑटो ट्रॅक' बंदच ठेवा. दोन-तीन सेकंद शांतता आली की डेक नवा ट्रॅक टाकतो, असं त्याचं काम. पण आजेसासूबाई दोन ओव्यांच्या मध्ये श्वास घेतात, जात्यात घास टाकतात, तिथे ट्रॅक तुटतो. आणि उलट, खरखर जास्त असलेल्या कॅसेटवर त्याला शांतता सापडतच नाही, सगळी बाजू एकच ट्रॅक. रिमोटवर ट्रॅकचं बटण असतं, सासरे ते हातात धरून बसतात. आवाज आला की आपोआप सुरू होणारं रेकॉर्डिंगही नको, पहिला शब्द अर्धा जातो.

एका डिस्कवर ९९ ट्रॅक चालतात, त्यामुळे कंजुषी करायचं कारण नाही.

---

विजापूर_वेस

मंडळी, मी वाचनमात्र, पण दोन प्रश्न आहेत. एक, लाइट गेली तर काय होतं? दुसरा, सोलापूरच्या उन्हाळ्यात या सीड्या टिकतात का? माझ्याकडच्या जुन्या काही सीड्या आता वाजत नाहीत.

---

सोल्डरगन

लाइट गेली तर चालू ट्रॅक गेला असं धरा. अनुक्रमणिकेची तात्पुरती नोंद ट्रॅक थांबल्यावर होती. आधीचे ट्रॅक बहुतेक वाचतात, पण कधी कधी डेक ती डिस्क ओळखायलाच तयार होत नाही. आरडब्ल्यू असेल तर पुसून पुन्हा करता येतं, हा तिचा अजून एक फायदा. डेक आणि टेपडेक दोन्ही कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसवर टाका. स्क्वेअर वेव्हचा जुना घरगुती इन्व्हर्टर नको, आवाजात गुणगुण शिरती.

आणि परदेशातनं आलेला डेक असेल तर मागची पट्टी वाचल्याशिवाय प्लग लावू नका. अमेरिकेतला १२० व्होल्टचा, जपानमधला १०० चा. आपल्याकडं २३०. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर पाहिजेच.

---

टेपवाला_बार्शी

उन्हाळ्याचं मी सांगतो.

सीडी-आरमध्ये विकतच्या गाण्यांच्या सीडीसारखे खड्डे नसतात, रंगाचा एक थर असतो आणि लेझर तो भाजून खुणा करतो. रंगच तो, उन्हात उडणार. सायनाइन, थॅलोसायनाइन आणि ॲझो असे मुख्य प्रकार, त्यांतला थॅलोसायनाइन उजेडाला जास्त टिकतो असं मानतात. सोलापूर-बार्शीकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या पुढे जातो, पत्र्याच्या खोलीत त्याहून वर. खिडकीत, गाडीच्या डॅशबोर्डवर, टीव्हीच्या वर सीडी ठेवलीत तर ती जाणार. लाकडी किंवा लोखंडी बंद कपाट, घराच्या मधल्या खोलीत, खालच्या कप्प्यात, डबीत उभी. एवढं पुरतं.

दुसरं, आपण चकचकीत खालची बाजू जपतो आणि वरच्या बाजूला हलगर्जी करतो. प्लास्टिक १.२ मिलिमीटर जाड आहे, ते सगळं खालून. वरून थर आणि तुमच्या बोटामध्ये नुसता लॅकरचा (वार्निशसारखा) पातळ पापुद्रा. बॉलपेनने लिहिलं की थरावर ओरखडा. कागदी लेबल चिकटवलं की गरमीत गोंद सुटतो, कागद आक्रसतो आणि थर उचलतो. पाण्याच्या शाईचा सीडी मार्कर घ्या आणि शक्यतो मधल्या पारदर्शक कड्यावर लिहा.

आज मिळणाऱ्या डिस्कबद्दल मात्र जपून. जपानच्या तायो युडेनने २०१५ अखेर सीडी-आर बनवणं थांबवलं. आपल्याकडची मोझर बेअर एकेकाळी जगभर डिस्क पुरवायची, तीही अवसायनात गेली. म्हणून सीडी ही एकमेव प्रत ठेवू नका. फाइल दोन हार्ड डिस्कवर, त्यातली एक दुसऱ्या घरी.

---

पुणेकर_मूळचा_सोलापूरचा

ह्या शेवटच्या वाक्याशी शंभर टक्के सहमत.

फाइल काढताना एक लक्षात घ्या. ८० मिनिटांची सीडी ७०० एमबीची म्हणतात, पण तिच्यावरच्या आवाजाची वेव्ह फाइल ८०० एमबीच्या आसपास भरते. डेटा सीडीवर चूक दुरुस्त करायला जास्तीची माहिती लिहिलेली असते, ऑडिओ सीडीवर ती जागा आवाजालाच दिलेली असते. त्यामुळे ऑडिओ सीडी ओरखड्यांना जास्त कच्ची. वाचताना ड्राइव्ह अंदाजाने भोकं बुजवतो आणि आपल्याला कळतही नाही. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीसारखा प्रोग्रॅम वापरा, तो संशयास्पद जागा पुन्हा पुन्हा वाचून शेवटी अहवाल देतो. मग फ्लॅक या फाइलप्रकारात साठवा, जागा बरीच वाचते आणि आवाजातला एक बिटही जात नाही.

आणि हातमाग, तुमचं म्हणणं मी परत वाचलं. वडील रोज बसतात, नावं सांगतात, तुम्ही लिहिता, हे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये नाही. ती वही स्कॅन करून फाइलींसोबतच ठेवा.

---

हातमाग

वही स्कॅन करायचं डोक्यात नव्हतं, करतोच.

विजापूर वेस, जुन्या सीड्या टाकू नका. बाकीच्या सीड्या चालतात आणि एखादीच वाजत नाही असं असेल तर ती आरडब्ल्यू आहे का बघा. आरडब्ल्यूवरून प्रकाश साध्या सीडीच्या पाव-एक भागच परत येतो, जुन्या प्लेअरना ती दिसतच नाही. किंवा फायनलाइज करायची राहिली असेल. दोन्ही बाबतींत आतला आवाज शाबूत असतो.

आणखी एक, मंडळाच्या लोकांना प्रती वाटायच्या आहेत. डेकवरून डेकवर डिजिटल तारेने सीडीची प्रत काढली की त्या प्रतीची पुढची प्रत निघत नाही, घरगुती डेकमध्ये तशी बंदी बसवलेली असते. ॲनालॉग तारेने किंवा कॉम्प्युटरवरून निघते. आकाशवाणीवरून उतरवलेलं मात्र वाटायचं नाही, ते घरात ऐकण्यापुरतं. ध्वनिमुद्रणाचा हक्क आपल्या कायद्यात प्रकाशनानंतर ६० वर्षं असतो. मंडळाची भजनं मंडळाची, ती खुशाल वाटणार आहे.

---

विजापूर_वेस

हातमागदादा, खरंच फायनलाइज राहिलेल्या निघाल्या! सोल्डरगनदादांसारख्या एका ओळखीच्यांच्या डेकवर टाकून बंद केल्या, आता कारमध्येही वाजतायत. बहिणीच्या लग्नातली मंगलाष्टकं, आजोबांच्या आवाजात. मनापासून आभार.

आता तिसरा प्रश्न. आजोबांच्या कानडी नाटकांच्या ७८ च्या तबकड्या आहेत, लाखेच्या. टर्नटेबलवर ३३ आणि ४५ आहे, ७८ नाही. त्या डेकवर घेता येतील का?

---

सोल्डरगन

येतील, पण सुई बदलावी लागेल. एलपीची सुई ०.७ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), ७८ ची खाच मोठी, तिला ३ मिलच्या आसपासची लागती. एलपीची सुई खाचेच्या तळात घासत जाती, नुसती खरखर येती आणि सुईबी खराब. टर्नटेबल आणि डेकच्या मधी फोनो प्रीॲम्प (सुईचा बारका आवाज वाढवून सुधारणारा डबा) पाहिजे, डेकला थेट लावलं तर आवाज किरकिरा आणि बारका येईल.

---

पुणेकर_मूळचा_सोलापूरचा

वेगाचं मी सांगतो. योग्य सुई लावून ४५ वर वाजवा, डेकवर तसंच रेकॉर्ड करा, फाइल कॉम्प्युटरवर घेऊन ऑडॅसिटीत वेग ४५ वरून ७८ करा. त्यात तयार पर्यायच आहे. वेग वाढवल्यावर प्रीॲम्पने केलेली सुरांची दुरुस्ती थोडी चुकते, ती इक्वलायझरने कानाने जुळवता येईल. फाइल पाठवलीत तर मी करून देतो.

आणि तबकड्या पुसताना अल्कोहोल अजिबात नको, लाख त्यात विरघळते. शुद्ध पाणी, अगदी मऊ कापड, मधलं लेबल कोरडं ठेवून.